चित्रपटाचे शिक्षण घेऊन कायमचे काम मिळते का?

प्रश्न : एक पालक, सांगली

माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. गेली दोन वर्षे ती येथील एका छायाचित्रकाराकडे लग्नांच्या चित्रीकरणाचे संकलन (एडिटिंग) करते, आणि आता तिला हेच काम रीतसर शिकायचे आहे. तिच्यापुढे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वर्षभर तयारी करून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा देणे. तिथे एकेका विषयाला मोजक्याच जागा असतात, त्यामुळे प्रवेशाची खात्री कोणीच देऊ शकत नाही. दुसरा मार्ग मुंबईच्या एका खासगी संस्थेचा आहे. तिथे याच वर्षी प्रवेश मिळेल, पण शुल्कासाठी घर तारण ठेवून कर्ज काढावे लागेल. मी प्राथमिक शिक्षक असून निवृत्तीला चार वर्षे उरली आहेत. मुलीच्या आवडीला माझा विरोध नाही. तिने या क्षेत्रात नाव कमवावे अशीही माझी अपेक्षा नाही. शिक्षण संपल्यावर दर महिन्याला खोलीचे भाडे भरून चार पैसे मागे टाकता येतील असे काम मिळते का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : मालिकांची संकलक, मुंबई

काका, मी बारा वर्षे या कामात आहे. पदविका माझ्याकडेही आहे, परंतु आजवर एकाही निर्मात्याने ती दाखवायला सांगितलेली नाही. तरीही शिक्षण वाया गेले असे मी म्हणणार नाही. शेवटच्या वर्षी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन या शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन एक लघुपट करतात. माझ्या लघुपटाच्या ध्वनिमुद्रणाला असलेल्या मुलाने पुढे मला पहिली मालिका मिळवून दिली. पहिली तीन वर्षे माझी बहुतेक कामे अशीच, बरोबर शिकलेल्यांच्या ओळखीतून आली.

आपण विचारता तसे दरमहाचे उत्पन्न सर्व शाखांत सारखे नसते. दिग्दर्शन शिकून बाहेर पडलेल्याला कित्येक वर्षे साहाय्यक म्हणून काढावी लागतात आणि एक चित्रपट संपला की पुढचा मिळेपर्यंत घरी बसावे लागते. संकलन आणि ध्वनी यांची स्थिती बरी आहे, कारण दैनंदिन मालिकेचा भाग आठवड्यातून सहा दिवस वाहिनीला द्यावाच लागतो आणि त्यासाठी संकलनाचे टेबल दोन पाळ्यांत चालते. वाहिन्यांच्या प्रोमो विभागात, म्हणजे कार्यक्रमांच्या छोट्या झलका बनवणाऱ्या विभागात, पगारी संकलक असतात, तसे जाहिरातींचे चित्रीकरणानंतरचे काम करणाऱ्या पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओंतही असतात. अशा ठिकाणी पगार वेळेवर होतो, परंतु वर्षानुवर्षे तीस सेकंदांचेच तुकडे कापावे लागतात, आणि चित्रपटाच्या ओढीने आलेल्या मुलांना ते फार जड जाते.

मालिकेच्या कामाचे पैसे हातात यायला पुष्कळदा नव्वद दिवस लागतात, त्यातून दहा टक्के कर आधीच कापलेला असतो, आणि भविष्यनिर्वाह निधी नसतोच. मालिका बंद होत असल्याचे मला एकदा केवळ दहा दिवस आधी कळले होते. म्हणून सहा महिन्यांचे भाडे आणि जेवण भागेल इतकी रक्कम बाजूला ठेवूनच तिने मुंबईत यावे. डोक्यावर कर्जाचा हप्ता असलेली मुले मिळेल ते काम मिळेल त्या दरात घेतात आणि पुढे तोच त्यांचा दर होऊन बसतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर : निवृत्त तंत्रज्ञ, पुणे

कायमचे काम या क्षेत्रात कधीच नव्हते, असे नव्या पिढीला वाटते. ते खरे नाही. प्रभात ही चित्रपट कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तेव्हा तिचे नट आणि तंत्रज्ञ महिन्याच्या पगारावर होते. ती पद्धत स्टुडिओंबरोबर संपली आणि 1960 साली त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्यानंतर पगाराची सोय सरकारने केली. सरकारी माहितीपट बनवणारे फिल्म्स डिव्हिजन 1948 पासून होतेच, 1972 मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि आमच्या बरोबरीच्या अनेकांनी तिथे नोकरी करून निवृत्तिवेतन मिळवले. आज तो दरवाजा फारच अरुंद झाला आहे. फिल्म्स डिव्हिजन तर 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

पदवीचा रोख उपयोग मला एकाच ठिकाणी दिसतो, तो म्हणजे अध्यापनात. माध्यमशिक्षण देणारी महाविद्यालये वाढली आहेत आणि तिथे शिकवायला कागद लागतोच. पुण्याच्या संस्थेला 2025 मध्ये अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः पदवी देता येणाऱ्या संस्थेचा, दर्जा मिळाला असल्यामुळे त्या दृष्टीनेही तिचा विचार करावा.

उत्तर : ध्वनिमुद्रक, कोल्हापूर

मी कोणताही अभ्यासक्रम केला नाही. एका ज्येष्ठ ध्वनिमुद्रकांच्या हाताखाली बूम (लांब काठीवरचा मायक्रोफोन) धरत शिकलो आणि आता इकडच्या मालिकांच्या चित्रीकरणावर वर्षातले सात-आठ महिने काम असते. वर्ष वाया जाईल या भीतीने मुलीला घाईने खासगी संस्थेत घालू नये, असे मला मनापासून वाटते. तयारीच्या वर्षात तिने लग्नांचे काम चालू ठेवावे आणि जमल्यास एखाद्या मालिकेत साहाय्यक संकलक म्हणून दोन महिने काढावेत. रात्री दोन वाजेपर्यंत टेबलावर बसणे तिला झेपते का, हे तेव्हाच कळेल. मात्र न शिकल्याचा तोटाही सांगतो. मला माझे काम करता येते. पण एखादा दिग्दर्शक जुन्या चित्रपटाचा दाखला देऊन त्यातल्या ध्वनीविषयी बोलू लागला की मी अजूनही गप्प बसतो.

पुन्हा मूळ प्रश्नकर्ते

आपणा तिघांचा आभारी आहे. सर्व उत्तरे मुलीला वाचून दाखवली. प्रोमो विभागातील पगारी कामाला तिची हरकत नाही, हे मला काल प्रथमच कळले. घर तारण ठेवायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे. पुण्याला प्रवेश मिळाला नाही, तर कर्ज न काढता परवडेल अशा एखाद्या लहान संस्थेची चौकशी करावी लागेल. अशी संस्था पारखताना काय पाहावे?

उत्तर : मालिकांची संकलक, मुंबई

काका, मागच्या तीन तुकड्यांतील संकलनाच्या विद्यार्थ्यांपैकी कोण आज कुठे काम करते, हे विचारा आणि त्यांच्यापैकी दोघांशी संस्थेच्या मध्यस्थीशिवाय स्वतः बोला. संस्थेच्या भिंतीवर प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे असतील, पण ती पंधरा वर्षांपूर्वीची असू शकतात. एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास स्वतंत्र संगणक मिळतो, हेही विचारा. चौघांत एक असेल तर ती तिच्या घरच्या संगणकावरच अधिक शिकेल. तिने कापलेली एखादी चित्रफीत मला पाठवलीत, तर मी ती नीट पाहून काय सुधारावे ते कळवीन.