उबुंटू २४.०४ वर अ‍ॅन्सिबल प्लेबुक यशस्वी होते, पण एसएसएचचा पोर्ट बदलत नाही

प्रश्न

नमस्कार. आमचे सर्व्हर उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर नेण्याचे काम माझ्याकडे आहे. नवा सर्व्हर उभा करताना आमचे अ‍ॅन्सिबल (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारे साधन) प्लेबुक, म्हणजे टास्कची यादी, एसएसएचडीच्या (दूरून लॉगिन देणाऱ्या एसएसएच सेवेच्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट २२ ऐवजी २२२२ लिहिते, हँडलरमधून (बदल झाला तरच चालणाऱ्या टास्कमधून) एसएसएच सेवा रिस्टार्ट करते आणि शेवटी फायरवॉलमध्ये २२२२ उघडून २२ बंद करते. २२.०४ वर यात कधीही अडचण आली नव्हती. काल २४.०४ च्या पहिल्या सर्व्हरवर तेच प्लेबुक चालवले, एकही टास्क अयशस्वी झाला नाही, आणि त्यानंतर सर्व्हरमध्ये शिरताच येईना. कन्सोलवरून पाहिले, तर फाइलमध्ये २२२२ व्यवस्थित होते, सेवाही नुकतीच रिस्टार्ट झालेली होती, तरीही ऐकणारा पोर्ट २२ च होता आणि त्यापुढे एसएसएचडीच्या जोडीला सिस्टमडीचेही (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचेही) नाव दिसत होते. प्लेबुकमध्ये नेमके काय चुकले?

उत्तर १

सिस्टमडीचे नाव दिसते आहे, त्यातच उत्तर आहे. उबुंटूने २२.१० पासून एसएसएचडीसाठी सॉकेट अ‍ॅक्टिव्हेशन सुरू केले. कोणी जोडणी मागेपर्यंत एसएसएचडी चालतच नाही, त्यामुळे थोडी मेमरी वाचते. पोर्ट मात्र तोवर सॉकेटच्या रूपाने सिस्टमडीच्या ताब्यात असतो. तुम्ही सेवा रिस्टार्ट केलीत तेव्हा नव्या एसएसएचडीला सॉकेटकडून जुनाच २२ आयता मिळाला आणि फाइलमधल्या २२२२ कडे त्याने पाहिलेच नाही. २४.०४ मध्ये एक जनरेटर ती फाइल वाचून सॉकेटची मांडणी तयार करतो, पण तो डीमन-रीलोडच्या (सिस्टमडीला मांडणी पुन्हा वाचायला लावण्याच्या) वेळी किंवा बूट होताना चालतो. म्हणून हँडलरमध्ये आधी डीमन-रीलोड करा आणि मग सेवेऐवजी सॉकेट रिस्टार्ट करा.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर आहे, फक्त हा हँडलर आवृत्तीच्या क्रमांकावर बेतू नये, असे मला वाटते. काही ठिकाणी सॉकेट बंद करून जुनी पद्धत परत आणलेली असते, आणि २२.०४ वर तर तो मुळात सुरूच नसतो. त्यामुळे सॉकेट सक्रिय आहे का, हे आधी त्या सर्व्हरलाच विचारावे आणि त्यावरून काय रिस्टार्ट करायचे ते ठरवावे.

माझ्या मते खरा धोका फायरवॉलच्या टास्कमध्ये आहे. २२ बंद करण्यापूर्वी नियंत्रक यंत्रावरून २२२२ वर खरोखर पोहोचता येते का, हे तपासणारा वेट-फॉर टास्क तिथे असता, तर प्लेबुक तिथेच थांबले असते आणि जुना दरवाजा उघडा राहिला असता. रिस्टार्ट झाले एवढ्यावर अ‍ॅन्सिबल समाधानी होते. अपेक्षित परिणाम झाला की नाही, हे आपण सांगितल्याशिवाय ते पाहत नाही. हँडलर एरवी प्लेच्या शेवटी चालतात, म्हणून या तपासणीआधी ते फ्लश करायला (तिथेच लगेच चालवायला) विसरू नका.

उत्तर ३

याच स्थलांतरात आम्हाला अडकवणारी दुसरी गोष्ट एपीटीची, म्हणजे पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची होती. २४.०४ च्या नव्या स्थापनेत 'सोर्सेस डॉट लिस्ट' या फाइलमध्ये केवळ एक टीप उरते. खरी माहिती 'उबुंटू डॉट सोर्सेस' या वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या स्वरूपात असते. आमचा रिप्लेस टास्क जुन्या फाइलमध्ये आरशाचा (पॅकेजेसची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता बदलत असे. जुळणारी ओळच न सापडल्याने तो 'ओके' म्हणून पुढे गेला आणि पॅकेजेस अंतर्गत आरशाऐवजी बाहेरून येत राहिली. कित्येक दिवस हे कोणाच्याही लक्षात आले नाही. तुमच्या प्लेबुकमध्ये असा टास्क असेल तर आजच पाहा.

पिप (पायथॉनची पॅकेजेस बसवणारे साधन) मात्र स्पष्ट त्रुटी देऊन थांबते, कारण प्रणालीच्या पायथॉनमध्ये थेट पॅकेज बसवणे आता अडवले जाते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रणालीपासून वेगळी ठेवलेली पायथॉनची जागा) वापरली की काम होते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सॉकेटची स्थिती तपासून हँडलर बदलला, त्यानंतर फ्लश आणि वेट-फॉर घातले, आणि दुसऱ्या सर्व्हरवर २२२२ पहिल्याच फेरीत सुरू झाला. आरशाचा टास्क आमच्याकडेही निघाला, तोही 'ओके'च म्हणत होता.