मानशीजवळची माती, उडणारे कपचे आणि पालिसीचे बेडूक

मांडवीकाठ:
नमस्कार. गोव्यातील दिवाडी बेटावर माझे सिरॅमिकचे लहानसे काम आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच कुंभार बेर्नार पालिसी याच्या ताटांवर साप, बेडूक, मासे आणि नेचे उठावात दिसतात. ती पाहिल्यापासून आपल्या खाजनातील (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनीतील) कुर्ल्या म्हणजे खेकडे आणि खारफुटीची पाने त्याच रीतीने ताटलीवर आणावीत, असे मनात आहे. ते आकार त्याने कसे साधले असतील? दुसरी अडचण अशी की, मानशीजवळच्या (खाजनातील पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराजवळच्या) मातीची एक ताटली मी ९५० अंशांवर भाजली. ती भट्टीतून निर्दोष निघाली. परंतु चार दिवसांनी तिच्यावरून टिकलीएवढे कपचे उडू लागले आणि प्रत्येक खड्ड्यात एक पांढरा ठिपका दिसतो.

चुनकळी:
तो ठिपका म्हणजे शिंपल्याचा कण. किनाऱ्यावर पूर्वी शिंपल्या भाजून चुना काढत, तीच क्रिया आपल्या भट्टीत नकळत घडली आहे. भाजलेल्या शिंपल्याची चुनकळी हवेतील ओल शोषून फुगते आणि वरची माती ढकलून देते. पावसाळ्यात तर हे अधिकच लवकर होते. माती पाण्यात कालवून तिची पातळ रबडी करून ती बारीक चाळणीतून गाळावी, कारण पिठाइतका बारीक चुना सहसा त्रास देत नाही. खाजनाची माती खारट असल्याने रबडीवर साचलेले पाणी दोन-तीनदा बदलावे, अन्यथा वाळताना मिठाचा पांढरा थर वर येतो. झिलई न दिलेले भांडे भट्टीतून निघून निवताच पाण्यात भिजवून ठेवण्याचा उपायही वापरतात, पण तो गाळण्याला पर्याय नव्हे. आणखी एक: लोह भरपूर असलेली माती १२०० अंशांच्या वर नेऊ नये, ती वाकते किंवा वितळते.

जुना_साचा:
पालिसीविषयी. ते बेडूक त्याने हाताने घडवलेले नव्हते. मेलेल्या प्राण्यांवरून त्याने साचे काढले आणि त्यांत माती दाबली. पॅरिसमध्ये तुइलरी राजवाड्याच्या परिसरातील उत्खननात अशा साच्यांचे तुकडे सापडले आहेत. त्यामुळे ‘किती हुबेहूब’ ही वाहवा मला थोडी चुकीच्या जागी पडलेली वाटते. त्याचे खरे कसब मांडणीत आणि झिलईच्या ओलसर चमकीत आहे. पांढऱ्या झिलईच्या शोधात त्याची पंधरा-सोळा वर्षे गेली आणि सरपण संपल्यावर घरातील मेज व जमिनीच्या फळ्याही आपण भट्टीत घातल्या, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. १५८० मधील पुस्तकात झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते, आणि दगडांतील शिंपले एकेकाळच्या जिवंत प्राण्यांचे असतात, असे त्याने मांडले. प्रोटेस्टंट पंथ सोडण्यास नकार दिल्याने तो अखेर बॅस्टिलच्या तुरुंगात मेला. त्याची झिलई शिशाची होती. जेवणाच्या ताटांवर ती कृपया वापरू नये.

मांडवीकाठ:
दोघांचेही आभार. तीच माती गाळली, तेव्हा चाळणीत मूठभर शिंपल्यांचा चुरा उरला. म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या कुर्लीवर प्लास्टर ओतून साचा काढला आहे (घरच्यांना तो अपव्यय वाटला, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही). साचा कुर्लीएवढाच आहे, पण माती वाळून-भाजून आकसल्यावर ताटलीतील कुर्ली मूळ कुर्लीहून लहान होईल, हे मी धरून चाललो नव्हतो.

जुना_साचा:
म्हणून पुढच्या वेळी कुर्ली मोठी निवडावी.