कृत्रिम बुद्धिमत्तेकडून दस्तऐवज लिहून घेताना : आपले अनुभव

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्यापैकी अनेकांचे अर्ज, इतिवृत्ते, प्रबंध आणि करारनामे वर्डमध्ये पक्के होण्यापूर्वी एकदा तरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाच्या हाताखालून जाऊ लागले आहेत. या सोयीची स्तुती पुष्कळ ऐकली आणि भीतीही. परंतु प्रत्यक्ष मराठी कागदावर काय घडते, हे फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून विनंती अशी की, कागद कोणता होता, सहायकाला नेमके काय सांगितले, काय उपयोगी पडले आणि काय निसटले, ते तपशिलाने लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

मी ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि आमच्या उपविधींप्रमाणे तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. सहायकाने केलेल्या मसुद्यात मात्र २१ दिवसांची अट होती. ती कंपनी कायद्यातील सभांची अट आहे, हे उपविधी पुन्हा उघडून पाहिल्यावर लक्षात आले; तोपर्यंत मी सभेची तारीख पुढे ढकलण्याच्या विचारात होतो.

त्याहून गंभीर चूक इतिवृत्तात झाली. सभेतील माझी तुटक टिपणे सहायकाला दिली आणि एरवी माझे दोन रविवार घेणारे काम अर्ध्या तासात विषयपत्रिकेच्या क्रमाने लागले, भाषाही नेटकी झाली. परंतु लिफ्ट बदलण्याचा जो ठराव ३१ विरुद्ध ९ मतांनी संमत झाला होता, त्याखाली ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ असे वाक्य आले, आणि दोन सभासदांचे लेखी आक्षेप एका गुळगुळीत परिच्छेदात विरून गेले. त्या नऊ जणांमध्ये एक वयोवृद्ध आजी होत्या, ज्यांना वाढीव वर्गणी झेपणार नव्हती. ठराव त्यांच्या विरोधात गेला तरी विरोधाची नोंद होणे हा त्यांचा हक्क होता, आणि माझ्या हातून तो पुसला जाणार होता. आता मतांचे आकडे, सूचक-अनुमोदकांची नावे आणि आक्षेप यांच्या जागा मी मसुद्यात मोकळ्या ठेवतो व नंतर स्वतः भरतो.

शोधछात्रा, इतिहास, पुणे :

सचिवांचा अनुभव वाचून मला माझे तिसरे प्रकरण आठवले. माझा विषय एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके हा आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. तेव्हापासूनच्या मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहींत’, ‘त्यांणीं’ अशी अनुस्वारयुक्त रूपे सर्रास येतात. व्युत्पत्तीने आलेले हे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, म्हणून आजच्या गद्यात ते चूक ठरतात. पण अवतरणात तेच बरोबर असतात. मी सहायकाला ‘शुद्धलेखन तपासून द्या’ एवढेच सांगितले होते. त्याने माझी वाक्ये तपासलीच, शिवाय अवतरणचिन्हांच्या आतील शब्दही आधुनिक करून टाकले, आणि एके ठिकाणी दीड ओळींचे जुने वाक्य ‘सुटसुटीत’ केले. खालची तळटीप मात्र मूळ अंकाचीच राहिली. म्हणजे जे वाक्य त्या अंकात कधी छापलेच गेले नाही, त्याला मी त्या अंकाचा पुरावा जोडत होते.

हे मार्गदर्शकांच्या नजरेस पडण्यापूर्वी मला कळले, ते केवळ वर्डमधील ‘कंपेअर’मुळे. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवल्यावर एका प्रकरणात चारशेहून अधिक बदल दिसले. त्यांपैकी बरेच योग्य होते, हेही सांगितले पाहिजे; ‘वस्तु’चे ‘वस्तू’ आणि ‘कवि’चे ‘कवी’ मी वर्षानुवर्षे चुकवत आले आहे. त्यानंतर मी पूर्ण मजकूर बदलून मागितलेला नाही. मूळ शब्द, सुचवलेला शब्द आणि कारण असा तीन रकान्यांचा तक्ता मागते, आणि पटलेला बदल, प्रत्येक फेरफार खुणेसह दाखवणारी वर्डमधील ‘ट्रॅक चेंजेस’ची सोय चालू ठेवून, स्वतः करते. वेळ जास्त जातो, पण त्यातून काही नियम आता पाठ झाले आहेत.

निवृत्त लिपिक, सोलापूर :

माझी दृष्टी पूर्णपणे गेली आहे आणि मी एनव्हीडीए या पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रणालीच्या, आधाराने काम करतो. पूर्वी माणसाकडून टंकून घेतलेल्या अहवालात मथळे केवळ ठळक आणि मोठ्या अक्षरांत असत. डोळस वाचकाला ते दिसत, मला मात्र तीस पाने ओळीने ऐकावी लागत. आता मी सहायकाला मथळ्यांना वर्डच्या ‘हेडिंग’ शैली लावून फाइल द्यायला सांगतो, आणि ‘एच’ ही एकच कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातो. सहायकाच्या उत्तराच्या चौकटीतून मजकूर उचलून चिकटवला तर तारका आणि हॅशची चिन्हे सोबत येतात व पडदावाचक ती प्रत्येक वेळी उच्चारतो, म्हणून थेट फाइलच मागावी. कोणाचीही मदत न घेता मी लिहिलेला पहिला दहा पानी अहवाल या फेब्रुवारीत पूर्ण झाला. तो आनंद मला येथे नोंदवायचा होता.

संपादक, ग्रंथालयाची स्मरणिका, कोल्हापूर :

युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुने लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतरित करून सहायकाकडे तपासायला दिले होते. ‘ऱ्य’कडे विशेष लक्ष द्यावे. आमच्या १९९८ च्या अहवालात आचाऱ्यांना दिलेल्या मानधनाची नोंद होती. रूपांतरात ते ‘आचार्यांना’ झाले आणि सहायकाला त्यात काहीच वावगे वाटले नाही, कारण तोही शब्द शुद्धच आहे. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ही तसाच झाला.

दस्तलेखक, सातारा जिल्हा :

आमच्याकडे खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि वाटणीपत्रे होतात. भाषा जुनी असते आणि तिला कारण असते. सहायकाने एका खरेदीखताची ‘भाषा सुधारली’ तेव्हा ‘लिहून देणार’ हा कुठे ‘विक्रेता’ झाला, कुठे ‘प्रथम पक्ष’, आणि एकाच दस्तात एकच माणूस तीन नावांनी वावरू लागला. क्षेत्र ‘० हेक्टर ४० आर’ असे होते. त्यापुढे त्याने आपणहून ‘म्हणजेच ४० गुंठे’ असे जोडले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. बोलताना आमच्याकडेही दोन्ही एकच समजतात, पण ४० आरांवर हा फरक जवळपास अर्ध्या गुंठ्याचा होतो. बांधावरून तेवढ्यासाठी भावाभावांत उभी राहिलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

तरीही मी सहायक वापरतो. चतुःसीमेत चारही दिशा आल्या का, गट क्रमांक सगळीकडे एकसारखा आहे का, अक्षरी रक्कम अंकी रकमेशी जुळते का, अशा तपासणीत त्याने मला दोनदा वाचवले आहे. मात्र पक्षकारांची नावे, आधार व पॅन क्रमांक काढून तेथे ‘देणार १’, ‘घेणार १’ असे लिहिल्याशिवाय दस्त त्याच्याकडे जात नाही, कारण लोकांनी ते कागद माझ्या भरवशावर दिलेले असतात. नावे परत घातल्यावर शेवटची प्रत छापण्याआधी सातबारा माझ्या हातात असतो, मुलगा पडद्यासमोर बसतो, आणि प्रत्येक आकडा मी मोठ्याने वाचतो.