मंडळीतून (चर्चच्या सभासदांतून) नाव कमी करतो म्हणतात, काय करावं?

प्रश्न (पुणे कॅम्प): बाळाला बाप्तिस्मा न देता त्याने मोठेपणी स्वतःच्या विश्वासाने घ्यावा, असं आम्हा दोघांचं पवित्र शास्त्र वाचून ठाम मत झालं आहे. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आमचं प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा विधी) बंद केलं. मंडळीचे पंच म्हणतात, नाव कमी करू, दफनभूमीतही जागा मिळणार नाही. नातेवाइकांना आमच्याकडे जाऊ नका असं सांगितलंय.

प्रतिसाद १: तोंडी निरोपावर हलू नका. मंडळीच्या घटनेची (नियमावलीची) प्रत लेखी अर्ज करून मागा. नाव कोण काढू शकतं, म्हणणं मांडायची संधी कधी, अपील कुणाकडे, हे त्यात पाहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. बाप्तिस्म्याचे, दृढीकरणाचे (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याच्या विधीचे) दाखले आणि वर्गणीच्या पावत्या आताच गोळा करा, वाद चिघळल्यावर रजिस्टर बघायला मिळणं कठीण होतं. आणि रागाच्या भरात राजीनामा अजिबात देऊ नका! स्वतःहून गेलात म्हटलं की अपिलाचा मुद्दाच उरत नाही.

प्रतिसाद २: प्रभुभोजन हा मंडळीच्या शिस्तीचा भाग, तिथे कायदा फारसा कामाचा नाही. पण दफन अडवणं, नातेवाइकांना संबंध तोडायला लावणं वेगळं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, 2016 इथे लागतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. कोण, कधी, कुणासमोर काय बोललं ते लिहून ठेवा, व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका.

प्रतिसाद ३: ख्रिस्ती झालेले मराठी कवी ना. वा. टिळक यांनीही 1917 मध्ये मिशन (मिशनऱ्यांची संस्था) सोडलं, ख्रिस्त नाही. एकटे पडू नका, दुसरीकडे उपासनेला जात राहा.