आजोळच्या गावठी टोमॅटोचं बी धरायचंय, गच्चीवर लावायचे आहेत

नमस्कार मंडळी, मी पुण्यात राहते, गच्चीवर मिरच्या, पालक, पुदिना वगैरे असतं. गणपतीला अकोले तालुक्यात आजोळी गेले होते, तिथे मामींच्या परसात जुने गावठी टोमॅटो आहेत, चपटे, देठाजवळ घड्या पडलेले, साल इतकी पातळ की पिशवीत घरी येईपर्यंत दोन-चार फुटलेच. पण सार काय होतं त्याचं! चिंच, आमसूल काही घालावं लागत नाही. मामी म्हणतात त्यांच्या सासूबाईंपासून हेच बी घरात आहे, आणि आता आजूबाजूला कोणाकडेच राहिलं नाही म्हणून मला ते जपायचंय, नुसतं एक सीझन खाऊन संपवायचं नाहीये. तर बी कसं काढू, आत्ता पेरलं तर चालेल का, आणि शेजारच्या गच्चीवर हायब्रीड टोमॅटो आहेत त्याच्याशी मिसळ होईल का?

मातीतला_माणूस
ताई, आधी बी काढून घ्या, फळं फार दिवस टिकणार नाहीत. पूर्ण पिकलेलं, हाताला मऊ लागणारं फळ आडवं कापा आणि गर बियांसकट काचेच्या ग्लासात पिळा, अगदी थोडं पाणी घाला, वर फडकं बांधून सावलीत ठेवा. बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो तो बी उगवू देत नाही, तो कुजून सुटायला हवा. आपल्याकडच्या हवेत दीड-दोन दिवसांत वर पांढरट साय धरते आणि आंबूस वास येतो, तेवढं झालं की लगेच धुवा, जास्त ठेवलं तर ग्लासातच मोड येतात. भरपूर पाणी ओतलं की पोचट बी वर तरंगतं ते फेकायचं, तळाचं गाळणीत चोळून धुवायचं, मग बोट लावलं तर बी खरखरीत लागतं. वाळवायला चिनी मातीची बशी घ्या, कागदावर चिकटून बसतं. ऊन नको, सावलीतच. खडखडीत वाळलं की कागदी पुडीत आणि पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत, चार वर्षं सहज उगवतं.

गच्चीवरचा_मळा
वेळ उत्तम आहे, सप्टेंबरातच पेरा. टोमॅटोला आपला उन्हाळा सोसत नाही, दिवसा 35 च्या वर आणि रात्री 22-24 च्या खाली पारा उतरत नसेल तर परागकण नीट काम करत नाहीत आणि फुलं देठासकट गळतात, मग लोक खतावर खत घालत बसतात. आत्ता पेरलं तर ऑक्टोबरात रोपं हलवता येतील आणि फुलं नेमकी थंडीत येतील. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं, बी अर्धा सेंटिमीटर खोल, आठवड्यात उगवतं. पाणी बेतानं, ट्रे सतत ओला राहिला की रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडतात. वीतभर झाली की खालची पानं काढून देठ खोल गाडा, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. वीस लिटरची बादली एका झाडाला, त्याहून लहान कुंडी नको, कारण गावठी झाड वेलासारखं वाढत राहतं, बांबू पहिल्याच दिवशी रोवा. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी दिलं तर फळ बुडाशी काळं पडतं.

बीज_जपणारी
मिसळीबद्दल. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच स्वतःला फळवतं त्यामुळे भीती फार नाही, पण तुमच्यासारख्या जुन्या घडीदार जातींत कधी कधी स्त्रीकेसर फुलाबाहेर डोकावतो आणि मग मधमाशी दुसरीकडचा पराग आणू शकते. बी जपायचं आहे ना, मग जुन्या ओढणीच्या जाळीची छोटी पिशवी शिवा आणि कळ्या उमलायच्या आत एका घोसावर बांधा. रोज सकाळी घोसाला टिचकी मारा, म्हणजे फूल हलून पराग झडतो, वाऱ्याचं काम होतं. फळं मुगाएवढी झाली की पिशवी काढा आणि देठाला लाल दोरा बांधा, म्हणजे बियाणाचं फळ कोणी चुकून साराला नेणार नाही. आणि अकोल्यातलं म्हणताय, तर पुढच्या वेळी कोंभाळण्याला नक्की जा, राहीबाई पोपेरेंची देशी बियाण्यांची बँक तिथेच आहे, 2020 साली पद्मश्री मिळाली त्यांना.

प्रश्नकर्ती
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, ग्लास भरून ठेवला आत्ताच! एकच विचारते, बियाण्यासाठी सगळ्यात मोठं फळ निवडायचं का?

बीज_जपणारी
नाही गं, फळ नाही, झाड निवडायचं. ज्या झाडाची पानं आकसली नाहीत, करपा (पानं डाग पडून वाळण्याचा रोग) कमी आला आणि फळं मामींकडच्यासारखीच चपटी आंबट आली ते झाड. पांढरी माशी बसून शेंडा गोळा झालेलं झाड दिसलं तर उपटूनच टाक, त्याचं बी नको. आणि एकाच झाडाचं धरू नकोस, पाच-सहा झाडांचं एकत्र कर, आणि त्यातली एक पुडी मामींकडे परत पाठव, एकीकडचं गेलं तरी दुसरीकडे राहतं.

मातीतला_माणूस
जास्तीचं बी निघालं तर इथे सांगा ताई, एक पुडी मलाही हवीय, मी नाशकात लावून बघतो.