एम्परर एंजल कुठला घ्यावा? श्रीलंकेचा, इंडोनेशियाचा की मालवणातलाच ब्लू रिंग?

खडपावरचा_खेकडा (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची शोभेच्या माशांची टाकी ७०० लिटरची, फक्त मासे, प्रवाळ नाही. आठ महिने चालू आहे, नायट्रेट २० च्या आसपास. एकच मोठा एंजल (एंजलफिश) ठेवायचाय. मुंबईच्या दुकानात दोन एम्परर आहेत. एक ४ सेंमीचं पिल्लू, ‘इंडोनेशियाचं’, स्वस्त. दुसरा ११ सेंमीचा, ‘श्रीलंकेचा’, दुप्पट किमतीला. शिवाय मालवणकडचा एक ओळखीचा मच्छीमार १४ सेंमीचा ब्लू रिंग एंजल देतो म्हणतोय, जवळपास फुकट. गाव बघून मासा निवडतात म्हणे, त्यात तथ्य किती?

उधाण_भरती

तथ्य आहे, पण गावापेक्षा मासा कसा धरला आणि धरल्यापासून दुकानात पोचेपर्यंत किती दिवस उपाशी राहिला, हे जास्त महत्त्वाचं.

४ सेंमीचं पिल्लू सोडून द्या. एवढ्या लहान अंगात साठा नसतो, प्रवासात चार दिवस उपास घडला की पाठीवरचं मांस उतरतं आणि नंतर खायला लागलं तरी भरून येत नाही. एम्परर ८ ते १२ सेंमीचा उत्तम. १८ च्या वरचा पूर्ण वाढलेला मासा कोंडून घेतल्यावर बऱ्याचदा खाणंच नाकारतो.

आता सायनाइड. १९६०च्या दशकात फिलिपिन्समध्ये ही पद्धत सुरू झाली आणि इंडोनेशियातही पसरली. दाबायच्या बाटलीत सोडियम सायनाइडचं पाणी घेऊन प्रवाळाच्या कपारीत मारतात, मासा गुंगतो, हाताने उचलतात. सायनाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही आणि यकृताला मार बसतो. फसवणूक इथेच होते. असा मासा दुकानात रंगाने झळझळीत दिसतो, कधी खातोही, आणि दोन-चार आठवड्यांनी खात खातच वाळून मरतो. घरी करता येईल अशी याची भरवशाची चाचणी नाही, म्हणून उगमाचा प्रश्न विचारावा लागतो. श्रीलंका, मालदीव, तांबडा समुद्र, ऑस्ट्रेलिया इथला माल प्रामुख्याने जाळीने धरलेला, म्हणून त्याला भाव.

दुकानदाराच्या शब्दाची शहानिशा काही जातींत माशाच्या अंगावरच होते. रीगल एंजलची छाती पिवळी-नारिंगी असेल तर तो हिंदी महासागराचा किंवा तांबड्या समुद्राचा, निळसर-करडी असेल तर पॅसिफिकचा. पिवळ्या छातीचा रीगल टाकीत खायला लवकर लागतो, असा सर्वसाधारण अनुभव. एम्परर मोठा झाला की पॅसिफिकच्या माशाच्या पाठीवरच्या पराला मागे लांब दोरा येतो, हिंदी महासागरातल्याचा पर गोल राहतो. पण ११ सेंमीला मासा अजून रंग बदलत असतो, ही खूण तेव्हा उमटलेली नसते. त्यामुळे तुमच्या बाबतीत खोक्यावरचं लेबल किंवा पॅकिंग लिस्ट दाखवायला सांगा, आणि माल कोणत्या तारखेला उतरला ते विचारा. ‘कोलंबोहून आला’ म्हणजे श्रीलंकेतच धरला असंही नाही, मालदीवचे मासेही तिथून पुढे जातात. तेही चालतील.

वारा_दक्षिणी

इंडोनेशिया म्हटलं की सायनाइड, हे जरा ढोबळ झालं. तिथे जाळीने धरणारेही आहेत. मला तिथल्या मालाची खरी अडचण अंतराची वाटते. लांबच्या बेटावर धरलेला मासा होडीने, मग ट्रकने, मग बाली किंवा जाकार्ताच्या निर्यातदाराकडे, प्रत्येक टप्प्यावर नवी पिशवी आणि उपास. श्रीलंकेत किनारा ते कोलंबो काही तासांचं काम. तिथेही आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस. पश्चिम किनारा खवळला की पाणबुडे पूर्व किनाऱ्याला जातात, त्यामुळे माल वर्षभर येत राहतो.

आणि हॅचरीत पैदास केलेला मॅक्युलोसस (हाही एक मोठा एंजल) मिळत असेल तर उगमाचा सगळा वादच मिटतो. ७०० लिटरमध्ये मात्र यातला कोणताही एंजल कायमचा मावणार नाही, एम्परर ४० सेंमीपर्यंत जातो. दोन-तीन वर्षांनी मोठी टाकी लागेल हे आत्ताच धरून चाला.

देवबागचो_तांडेल

ब्लू रिंगबद्दल. जात आपल्या किनाऱ्याची, गढूळ पाण्याला सरावलेली, काटक. पण तो १४ सेंमीचा मासा आला कसा, ते विचारा. गरीला लागला असेल तर तोंड आणि घसा फाटलेला. ट्रॉलच्या जाळ्यात घासला असेल तर खवलं गेलेली, तिथे आठवडाभरात लाल चट्टे येतात. पागात (हाताने फेकायच्या जाळ्यात) उथळ खडपात सापडला असेल तरच विचार करा.

खोली हाही मुद्दा आहे. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, २० वर तिप्पट. मासा झटकन वर ओढला की वायुकोष तेवढाच फुगतो. टाकीत सोडल्यावर शेपटी वर करून तरंगत असेल किंवा तळाला जायला धडपडत असेल, तर तो हाच प्रकार. सुईने हवा काढलेली असेल तर गुदद्वाराजवळ बारीक लाल ठिपका दिसतो.

आणि कायद्याचा भाग. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, क्षेत्र २९.१२ चौ. किमी, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग गाभा क्षेत्रात येतो. तिथला मासा नकोच. सोबत ‘थोडा जिवंत दगड’ (जीवजंतूंनी भरलेला समुद्रातला दगड) किंवा प्रवाळाचा तुकडा देतो म्हणाला तर हात जोडा, प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत.

बाकी मासो कुठलोय असो, तुमच्यासमोर खाता काय ता आधी बघा.

खडपावरचा_खेकडा (रत्नागिरी)

आभार. ११ सेंमीवाला लेबल बघून घेतो. दुकानात नेमकं काय तपासू? आणि रात्रीच्या गाडीने आणला तर चालेल का?

उधाण_भरती

समोरून बघा. डोक्यामागची पाठ गोल हवी, दोन्ही बाजूंनी आत दबलेली असेल तर मागे फिरा. पोट खपाटीला गेलेलं थोडं चालतं, पाठ नाही. मासा शांत असताना मिनिटभर कल्ल्यांची उघडझाप मोजा. शंभरच्या वर असेल, किंवा एकच कल्ला हलत असेल, तर चपटे कृमी किंवा मखमल रोग (बारीक परजीवीमुळे होणारा). डोळ्यांवर धूसर पडदा हेही कृमीचं लक्षण, एंजलमध्ये अगदी नेहमीचं. विष्ठा गडद हवी, पांढरी दोरीसारखी नको. मासा दुकानात किमान सात-आठ दिवस राहिलेला हवा. आगाऊ पैसे देऊन तिथेच राहू द्या, लोक इथेच घाई करतात.

रात्रीची गाडी चालेल, उलट थंडाव्यामुळे बरी. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला सांगा, दुहेरी पिशवी, एक भाग पाणी दोन भाग ऑक्सिजन, थर्माकोलचा खोका, झाकण चिकटपट्टीने बंद.

घोटाळा होतो तो उतरल्यावर. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया कमी घातक रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळतो. म्हणून पिशवी उघडून दोन तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा, उघडा, मासा लगेच क्वारंटाइन टाकीत (नवा मासा आधी वेगळा ठेवायची टाकी), पिशवीतलं पाणी मोरीत.

हे जमण्यासाठी दुकानातला खारेपणा आधी विचारून ठेवा. बरीच दुकानं १.०१८-१.०२० ला (सापेक्ष घनतेत) ठेवतात. क्वारंटाइन टाकी तेवढ्याच खारेपणाला तयार ठेवा आणि नंतर दिवसाला ०.००२ पेक्षा जास्त न वाढवता १.०२५ पर्यंत न्या. खारेपणा उतरलेला मासा सहन करतो, एकदम चढलेला नाही. किनाऱ्याचं पाणी वापरत असाल तर जून ते सप्टेंबर ते भरू नका, गाळ आणि गोडं पाणी दोन्ही असतं.

वारा_दक्षिणी

क्वारंटाइन १५० लिटर, पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला, मुरवलेला स्पंज फिल्टर. पहिले चार-पाच दिवस औषध नाही, फक्त खाणं. मग प्राझिक्वांटेल (कृमींचं औषध) लिटरला २.५ मिग्रॅ, सातव्या दिवशी पुन्हा, कारण अंड्यांवर ते चालत नाही. त्यानंतर चिलेटेड कॉपर (परजीवींवरचं तांब्याचं औषध), चार दिवसांत हळूहळू २.२५ पीपीएमपर्यंत, तिथून ३० दिवस. मोजमापाचा किट कॉपरच्या प्रकाराला जुळणारा घ्या. आयोनिक कॉपरची मात्रा ०.५ असते, आकडे एकमेकांत मिसळलात तर मासा जाईल.

खात नसेल तर आपल्याकडचा हुकमी उपाय म्हणजे तिसरी (खायचा शिंपला). आधी चार दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक शिंपला उघडून तळाशी ठेवायचा. एंजल खरवडून खाणारा मासा, शिंपल्यातलं मांस तो सहसा सोडत नाही. दोन तासांनी उरलेलं काढा, नाहीतर अमोनिया. एकदा तोंड लागलं की नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव).