मुलांना चेटकिणीला घाबरू द्या की

'आठ वर्षांच्या आतल्या मुलांना भीतीदायक काहीही दाखवू नये, गोष्टीतली चेटकीणसुद्धा गाळावी' असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटत नाही. मोबाइलवर एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंबद्दल असेल तर शंभर टक्के मान्य, कारण तिथे मूल एकटंच घाबरतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण नाटकातली भीती वेगळी असते. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आलं, तेव्हा पाच वर्षांच्या लेकीला घेऊन दादरच्या शिवाजी मंदिरला गेले होते. चेटकीण आली आणि ही थेट माझ्या मांडीवर, डोळे गच्च मिटून. मला वाटलं, आता उठावं लागणार. तेवढ्यात आजूबाजूची पोरं चेटकिणीवर ओरडायला लागली, आणि दहा मिनिटांत हीसुद्धा खुर्चीवर उभी राहून त्यांच्यात सामील!

घरी येताना लोकलमध्ये तिला सांगितलं की चेटकीण म्हणजे वैभव मांगले नावाचा काका, आणि जुन्या नाटकात हेच काम दिलीप प्रभावळकरांनी केलं होतं. बाईचं सोंग घेतलेला काका! मग पुढचे कित्येक दिवस आजीची साडी गुंडाळून ती स्वतःच चेटकीण व्हायची आणि आम्ही घाबरायचं. अंधारात एकटीने पाणी प्यायला जायला ती त्याच महिन्यात लागली. तेव्हा चेटकीण गाळू नका, फक्त पहिल्यांदा शेजारी बसा.